आलोच

१

चष्म्याच्या दुकानात दिवसभर एकच प्रश्न विचारायचा असतो. चाचणीच्या जड चौकटीत एक भिंग सरकवायचं, ते काढून दुसरं सरकवायचं आणि म्हणायचं, "हे बरं दिसतंय, की हे?" भाऊंनी एकतीस वर्षं हा प्रश्न विचारला होता. गिऱ्हाईक गोंधळलं की ते म्हणायचे, "सावकाश बघा. भिंतीवरची अक्षरं काही पळून जात नाहीत." एका म्हातारीने एकदा त्यांना सुनावलं होतं, "दोन्ही सारखंच दिसतंय हो. तुम्हीच काय ते ठरवा आणि मला मोकळी करा." हा किस्सा सांगताना भाऊंना स्वतःलाच हसू आवरत नसे.

भाऊ हे काही त्यांचं नाव नव्हे. थोरली बहीण त्यांना लहानपणापासून भाऊ म्हणायची, ते शेजाऱ्यांनी उचललं, मग गिऱ्हाइकांनी. त्याच ओघात त्यांची बायको सगळ्या गल्लीची वहिनी झाली. वहिनी छापखान्यात प्रूफं तपासायच्या. काम उरलं की कागद घरी आणायच्या आणि स्वल्पविराम, पूर्णविरामासकट मोठ्याने वाचायच्या. "पाऊल टाकले स्वल्पविराम आणि तो थांबला पूर्णविराम." मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर बाहेरची खोली, स्वयंपाकघर, एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला आतली खोली, एवढं घर.

त्या आतल्या खोलीत ताई गेली, आठ महिन्यांपूर्वी. भाऊंना आई आठवत नव्हती. आठवायची ती ताईच. शेवटचं वर्षभर ती अंथरुणाला खिळून यांच्याकडे होती आणि भाऊंनी तिची सगळी उठबस केली होती. गेली तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. वहिनी छापखान्यात होत्या आणि भाऊ औषध आणायला खाली गेले होते. सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं.

भाऊंच्या डोक्यात मात्र ती संध्याकाळ घाण्याच्या बैलासारखी फिरत राहिली. हात कामात असेपर्यंत ठीक असायचं. भिंग घासायचं यंत्र थांबलं की डोक्यातलं सुरू व्हायचं. ताईने हाक मारली, भाऊ, जरा बस ना रे माझ्यापाशी. मी म्हटलं, आलोच. आलोच म्हटलं आणि गेलो. आलोच म्हटलं. आलोच.

२

बाटली भिंगांच्या व्यापाऱ्याने दिली होती. वर्षाखेरीची भेट म्हणून सगळ्या दुकानदारांना द्यायचा. भाऊ काही पिणाऱ्यातले नव्हते. लग्नकार्यात कुणी आग्रह केला तर ओठ ओले करायचे, इतकंच. त्या संध्याकाळी वहिनी यायच्या होत्या, घर गप्प होतं आणि डोक्यातला बैल काही थांबत नव्हता. भाऊंनी काचेच्या पेल्यात दोन बोटं ओतली, पाणी घातलं आणि औषध घेतल्यासारखी घेतली. मग आणखी दोन बोटं.

शेजारच्या घरातला मिक्सर बंद झाला की मगच कळतं, इतका वेळ केवढा गोंगाट चालला होता, तसं झालं. भाऊंना खिडकीतून येणारी हवा जाणवली. रस्त्यावर कुणीतरी सायकल शिकत होतं आणि दुसरं कुणीतरी मागून पळत होतं, ते बघून त्यांना हसू आलं.

वहिनी आल्या तर भाऊ दारातच म्हणाले, "दोन्ही सारखंच दिसतंय हो, मला मोकळी करा!" आणि त्यांनी म्हातारीची अशी काही नक्कल केली, की वहिनी पिशवी खाली ठेवून हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"किती दिवसांनी हो," त्या म्हणाल्या. पेला त्यांना दिसला होता. त्या पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेल्या.

त्यानंतर साडेसहा वाजले की पेला निघायला लागला.

३

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. भाऊ बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते, दुसरा पेला अर्धा झाला होता. आतल्या खोलीतून पुटपुटणं येत होतं. सलग आणि एकसुरी. वहिनी प्रूफं वाचताहेत, भाऊंच्या मनात आलं, आणि ते निवांत ऐकत बसले. बायको आत वाचते आहे, आपण बाहेर बसलो आहोत, यात मोठं सुख असतं.

मग त्यांच्या लक्षात आलं की त्यात स्वल्पविराम नव्हते. पूर्णविरामही नव्हता. वाक्य संपतच नव्हतं. तेच तेच वळण घेऊन परत सुरू होत होतं.

तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली आणि भाजीची पिशवी घेऊन वहिनी आत आल्या.

"आज छापखान्यात नुसता गोंधळ," त्या चपला काढत म्हणाल्या. "अख्खं पान उलटं छापलं, बोला! काय झालं? असे का बघताय?"

"तू आत नव्हतीस?"

"मी दारात उभी आहे ना तुमच्यासमोर?"

पुटपुटणं थांबलं होतं. भाऊ उठले आणि बोळातून आत गेले. ताईचा पलंग, गुंडाळलेली गादी, खिडकी, भिंतीवरचा खिळा. सगळं जिथल्या तिथे. फक्त पलंगावरच्या चादरीला एका कडेला चुण्या पडल्या होत्या, कुणी तिथे बसून उठल्यासारख्या. भाऊंनी हाताने चादर सारखी केली.

खालच्या मजल्यावर रेडिओ लागला असेल, त्यांनी ठरवलं. चादर धुताना आकसली असेल. माणसाने एक कारण शोधलं की दुसरं आपोआप सापडतं.

४

पण भाऊ चष्मेवाले होते. हे, की हे, असं ताडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

एक संध्याकाळ त्यांनी पेल्याला हात लावला नाही. डोक्यात बैल फिरला, आतली खोली गप्प राहिली. दुसऱ्या संध्याकाळी घेतली. डोकं गप्प झालं, आणि पाचेक मिनिटांत बोळाच्या टोकाला पुटपुट सुरू झाली. शब्द कळत नव्हते. ठेका मात्र ओळखीचा होता. आपला आवाज दुसऱ्याच्या कानांनी ऐकावा तसा तो भाऊंना लागला, आणि त्यांनी टीव्ही मोठा केला.

सकाळी तो विचार परत यायचा. रात्रभर कुठे हिंडून आल्यासारखा दमलेला आणि चिडलेला असायचा. पहिल्यापेक्षा जडही. दात घासतानाच सुरू व्हायचं. आलोच म्हटलं, आलोच म्हटलं. त्या तंद्रीत भाऊंनी एका मास्तरांच्या चष्म्यात डावं भिंग उजवीकडे बसवलं. मास्तर दुसऱ्या दिवशी भिंत चाचपडत आले आणि म्हणाले, "भाऊ, तुमचा चष्मा लावल्यापासून माझी बायको दोन ठिकाणी उभी दिसते." दुकानातली सगळी माणसं हसली. भाऊंना हसू आलं नाही.

दुकानाच्या वरच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. पंधरा वर्षांची ओळख. भाऊंनी चिठ्ठ्या नेऊन देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, माणूस दोन घोट प्यायला की त्याचे विचार जातात कुठे?"

बाईंनी मान वर केली. "जातायत कुठे? असतात तिथेच. आपण फक्त दिवा मालवतो."

"आणि सकाळी?"

"सकाळी दिवा लागतो. डोळे सुजलेले असतात, म्हणून खोली आणखीच वाईट दिसते." मग त्यांचा आवाज बदलला. "भाऊ, मी डोळ्यांची डॉक्टर. पण तुम्ही किती घेताय? आणि झोप?"

"मी कशाला? एका गिऱ्हाइकाचं विचारतोय."

"मग त्या गिऱ्हाइकाला म्हणावं, ताईंना जाऊन आठ महिने झालेत, कुणाशी तरी बोल." भाऊ जिना उतरून आले.

जिन्यावर त्यांना आणखी एक गोष्ट उमगली होती. सकाळी परत यायचा तो नुसता दोष. ताई त्यात नसायची. तिचा चेहरा आठवायला जावं तर पलंगाची कड आठवे, हसणं आठवायला जावं तर काहीच ऐकू येत नसे. आलोच हा शब्द तेवढा फिरत होता, जत्रेतल्या रिकाम्या पाळण्यासारखा.

५

त्या संध्याकाळी भाऊ घरी गेलेच नाहीत. बस थांब्यामागे एक बार होता, तिथे कोपऱ्यात बसले. आवाज घरातल्या भिंतींचा असेल तर घरी राहील, आपल्या डोक्यातला असेल तर इथेही ऐकू येईल. हिशेब साधा होता. एक पेला झाला. डोकं स्वच्छ झालं. भोवती खुर्च्यांचे, हसण्याचे आवाज, त्यात पुटपुट नाही. भाऊंना इतकं हलकं वाटलं, की वहिनींना सांगावं म्हणून त्यांनी फोन लावला.

बराच वेळ वाजला. मग वहिनींनी उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, जरा वेळाने करता का?"

"का गं? काय करतेयस?"

"काही नाही. प्रूफं वाचतेय."

तिच्या आवाजामागे, अगदी जवळ, खांद्याशी बसून बोलावं इतक्या जवळ, कुणीतरी बोलत होतं. सलग आणि एकसुरी. भाऊंनी फोन कानाशी दाबला. आलोच म्हटलं, असं त्यांना स्पष्ट ऐकू आलं. स्वतःच्या आवाजात.

"कोण आहे तिथे?"

"कुणी नाही हो. कोण असणार?" आणि मग, फोन ठेवता ठेवता, तोंड दुसरीकडे वळवून वहिनी हळूच म्हणाल्या, "अरे, आहे मी. तू बोल."

फोन बंद झाला. भाऊंनी पेला बाजूला सारला. सत्तावीस वर्षांच्या संसारात वहिनी त्यांच्याशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या, हे एक. आणि दुसरं जास्त खोल लागलं. लग्नाआधी, ती छापखान्यात नवी असताना आणि ते तिच्या चष्म्याची काडी तीन-तीनदा दुरुस्त करायला जात असताना, वहिनी त्यांना तू म्हणायच्या. पुढे नातेवाइकांत, चारचौघांत अहो सुरू झालं आणि तेच राहिलं. तो तू भाऊंनी इतक्या वर्षांत पुन्हा ऐकला नव्हता.

आज ऐकला. पण तो त्यांच्यासाठी नव्हता.

६

भाऊंनी घरी येऊन काही विचारलं नाही. फक्त बघत राहिले. भाऊंनी चहा घेतला नसला तरी मोरीत चहाचे दोन कप असायचे. दोन्ही ओले. आतल्या पलंगावर जास्तीची उशी आली होती. वहिनींच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. त्या तक्रार करत नव्हत्या. उलट कधी भांडी घासताना त्या एकट्याच हसायच्या, कुणीतरी मघाशी काहीतरी गमतीचं सांगून गेल्यासारख्या.

रविवार आला. दुकान बंद. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते. जेवणं झाल्यावर भाऊंनी दुपारीच पेला काढला. वहिनींनी एकदा पाहिलं आणि त्या भांड्यांकडे वळल्या. दोन पेले घेऊन भाऊंनी आरामखुर्चीत डोळे मिटले आणि घोरल्यासारखं केलं.

थोड्याच वेळात आत पुटपुट सुरू झाली. वहिनींचे हात भांड्यांवर थांबले. पाणी बंद झालं. पदराला हात पुसत त्या भाऊंजवळ आल्या, त्यांच्या अंगावरची शाल सारखी केली, आणि बोळातून आत गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला. पुरतं लागल्याचा नाही.

भाऊ उठले. फरशीवर चपलांचा आवाज होईल म्हणून त्यांनी चपला हातात घेतल्या. बोळात चार पावलं टाकली आणि थिजून उभे राहिले. या बोळातून असे ते याआधी एकदा चालले होते.

पाय पुढे रेटून ते दारापाशी पोचले. फट चार बोटांची होती.

वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, अर्ध्या पाठमोऱ्या. त्यांच्याशेजारी कुणीतरी पुढे वाकून बसलं होतं. अंगात राखाडी स्वेटर. भाऊंनी नकळत स्वतःची बाही चाचपली. तोच स्वेटर त्यांच्या अंगात होता, कोपराला तोच रफू. खिडकीतलं ऊन सरळ त्या पाठीवर पडलं होतं. शुक्रवारी न्हाव्याने मानेवर वस्तरा फिरवला होता, ती कड ताजी होती. कानामागे चष्म्याच्या काडीने पाडलेली खाच होती. भाऊंनी हजारो लोकांच्या कानांमागची खाच पाहिली होती, बोटांनी तपासली होती. स्वतःची बघायची वेळ कधी आली नव्हती.

वहिनींचा हात त्या पाठीवर गोल गोल फिरत होता.

"आलोच म्हटलं," ती पाठ म्हणत होती. "आलोच म्हटलं आणि गेलो."

"हो रे. माहीत आहे. बोल."

चपलेची टाच भिंतीला लागली. अगदी हलकेच. पुटपुट थांबली. ते डोकं सावकाश वर आलं आणि दाराकडे वळायला लागलं. कान, मग गालाचं हाड, मग चष्म्याची कड.

वहिनींनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी त्या गालावर तळहात ठेवला आणि तोंड आपल्याकडे वळवून घेतलं, तापातल्या मुलाचं घ्यावं तसं.

"तिकडे नको बघू," त्या म्हणाल्या. "इकडे बघ. माझ्याकडे."

७

पाऊण तासाने वहिनी स्वयंपाकघरात आल्या. भाऊ ओट्याला धरून उभे होते.

"किती पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"पाठ."

"बरं झालं." त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "तोंड नका बघू. मीसुद्धा फार बघत नाही."

"कोण आहे तो?"

"असं काय विचारता? तुम्हीच आहात." शर्टाचं बटण चुकलंय, हे सांगावं तसं त्या म्हणाल्या.

भाऊ खाली बसले. वहिनींनी त्यांच्यासमोर पाण्याचं भांडं ठेवलं.

"एकदा कामावरून आले," त्या सांगू लागल्या, "तर तुम्ही बाहेर खुर्चीत झोपलेले, आणि आत पलंगावर तुम्हीच बसलेले. ओरडणारच होते. पण तो रडत होता हो. मग ओरडून काय करू? जवळ जाऊन बसले."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही हसायला लागला होतात. सात महिन्यांनी. मला वाटलं, राहू दे. एकाने हसावं, एकाचं मी बघते."

चहा उकळला. वहिनींनी तो गाळला आणि भाऊंकडे न बघता म्हणाल्या, "तो सगळं सांगतो मला. जोडे हातात घेऊन गेलात, तेही."

हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी ताईने हाक मारली तेव्हा भाऊ बोळातच उभे होते. वर्षभराची जागरणं अंगात होती, औषधांचा वास नाकात बसला होता. आणखी एक संध्याकाळ त्या पलंगापाशी बसणं त्यांना नको झालं. आलोच, ते म्हणाले. पायांचा आवाज ऐकून ताईने पुन्हा हाक मारू नये म्हणून त्यांनी जोडे हातात घेतले, चोरासारखे दोन जिने उतरले आणि मग ते घातले. रस्त्याकडेच्या बाकावर तासभर नुसते बसून राहिले. परत येताना दाखवायला म्हणून औषधाची पट्टी घेतली. वर आले तेव्हा ताई गेली होती.

"रागावलीस?" भाऊंना स्वतःचाच आवाज लांबून आला.

"रागावले तर! दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. बसला होता आपला तोंड पाडून." वहिनींच्या ओठाच्या कोपऱ्यात किंचित हसू आलं आणि गेलं. "मग वाटलं, वर्षभर ज्याने आईचं करावं तसं बहिणीचं केलं, तो एका संध्याकाळी थकला. थकतो माणूस."

"हे मला का नाही म्हणालीस?"

"तुम्ही कुठे होतात म्हणायला?"

चहावर साय धरत होती.

"एक सांगायचं राहिलंय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली आणला होता. "आधी तुमची उतरली की तो जायचा. आता थांबतो. सकाळी तुम्ही दुकानात गेल्यावरसुद्धा असतो. परवा मला म्हणाला, भूक लागलीय."

"मग?"

"मग काय करणार? वाढलं."

८

भाऊंनी काही शपथ वगैरे घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी जिना चढून डॉक्टरीणबाईंकडे गेले. "ते गिऱ्हाईक मीच," त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "ते चष्म्याशिवायही दिसत होतं," आणि त्यांनी आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना तिथल्या तिथे फोन लावला.

संध्याकाळी साडेसहाला भाऊ पेला न काढता आतल्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेला बसले. वहिनी शेजारी बसल्या. डोक्यात बैल असा उधळला, की ते दोनदा उठून दारापर्यंत गेले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

"ताईने हाक मारली," ते म्हणाले. "मी आलोच म्हटलं. आणि जोडे हातात घेतले."

मोठ्याने ऐकलं तर ते वाक्य इतकं लहान होतं, की भाऊंना धक्का बसला. वहिनींचा हात त्यांच्या पाठीवर आला आणि गोल गोल फिरू लागला.

पहिले आठ-दहा दिवस वाईट गेले. झोप नाही, चिडचिड, भिंगं हातातून निसटायची. पण खोली गप्प होती. मोरीत कप आताही दोनच असायचे, पण दुसरा भाऊंचा होता. तो विचार गेला असं नाही. तो रोज यायचा, फक्त आता एकटा येत नसे. त्याच्या बोटाला धरून ताई यायला लागली. एका संध्याकाळी, काही कारण नसताना, भाऊंना तिचं हसणं ऐकू आलं, नाकातून एक बारीक फुर्रर होऊन मग फुटणारं. ते तिथेच पलंगावर बसून ढसाढसा रडले आणि वहिनी त्यांना म्हणाल्या, "रड. तू रड."

महिने गेले. दुकान नीट चालू झालं. मास्तरांना बायको एकाच ठिकाणी दिसू लागली. संध्याकाळी आतल्या खोलीत जाऊन बसायचं, ताईचं काहीबाही बोलायचं आणि मग जेवायला उठायचं, हा नियमच होऊन गेला. भाऊ सांगायचे, वहिनी ऐकायच्या.

अशाच एका संध्याकाळी भाऊ सात वर्षांचे असतानाची गोष्ट सांगत होते. पहिला चष्मा लागला होता आणि तो त्यांनी खेळताना हरवला. मार बसेल म्हणून त्यांनी ताईला ठोकून दिलं, की कावळ्याने नेला. ताई रागावली नाही. तिने गंभीरपणे कागद घेतला, कावळ्याला पत्र लिहिलं, चष्मा कृपया परत करावा, आणि ते खिडकीत ठेवलं.

"मग?" वहिनींनी विचारलं.

"मग काय? पुढचं..." भाऊंनी शोधून पाहिलं. खिडकी होती, पत्र होतं, त्यापुढे काहीच नव्हतं. पान फाडल्यासारखं. "एवढंच आठवतंय."

वहिनी त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "सकाळी खिडकीत नवा चष्मा होता. आणि कावळ्याचं उत्तर. 'माझ्या नाकावर बसत नाही, परत पाठवतो आहे.'"

भाऊ हसले. हसता हसता त्यांच्या अंगावर काटा आला. ही गोष्ट त्यांनी वहिनींना कधी सांगितली नव्हती. ते वाक्य आपल्या आयुष्यातलं आहे हे त्यांना कळत होतं, आणि ते एखाद्या परक्या मुलाचं ऐकावं तसं ऐकू येत होतं.

"आणखी काय काय सांगितलंय त्याने?"

"पुष्कळ," वहिनी म्हणाल्या. "सांगते ना. रोज एक सांगेन."

खिडकीबाहेर दिवे लागत होते. वहिनी पुन्हा कावळ्याच्या पत्राकडे वळल्या. "छोटासा कागद होता म्हणे. चार घड्या घातलेला. अक्षर मुद्दाम वाकडंतिकडं काढलेलं, कावळ्याच्या पायासारखं. हिरव्या शाईत..."

त्या थांबल्या. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, जिथे कुणी नव्हतं, तिथे त्यांनी कान किंचित कलता केला. क्षणभरच. मग मान हलवली.

"नाही. निळ्या. बरोबर, निळी होती."

भाऊंनी तिकडे पाहिलं नाही. बायकोचा हात हातात धरूनच ते पलंगावर, पलीकडे एकाला जागा होईल इतके, अलीकडे सरकून बसले.